तालमीतली आई

आई गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते एका नियमाचा मसुदा तपासताना.

देवपूरमधला तिचा फ्लॅट आवरायला मी पुण्याहून धुळ्याला आले होते. दोन दिवसांचं काम म्हणून आले आणि साधं कपाटही उघडवेना. या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होते. चहा ठेवायचा, गॅलरीत जायचं, परत येईपर्यंत तो ओट्यावर. पुस्तक घ्यायचं, एकच पान तीनदा वाचायचं, ठेवून द्यायचं. अशात बैठकीच्या खोलीतला तिचा टॅब वाजला. 'खोरे'कडून संदेश होता: "वृषालीताई, एका मसुद्यावर तुमची पळवाट यायची राहिली आहे."

'खोरे' हा खेळ. आई पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो खेळायची. एक धरण, त्यातून निघालेला कालवा आणि कालव्यावर वसलेली चाळीसेक गावं. प्रत्येक गाव एकेका खेळाडूचं. पाऊस, पिकं, गुरंढोरं हे सगळं संगणक चालवतो. पाणी मात्र खेळाडूंनी आपापसात वाटून घ्यायचं. ज्या कंपनीनं खेळ काढला तिनं तो काही वर्षांतच गुंडाळला, तेव्हा खेळणाऱ्यांनी वर्गणी काढून तो स्वतःकडे घेतला. तेव्हापासून नियमही तेच करतात.

नियम करण्याची त्यांची एक रीत आहे. कोणी मसुदा मांडला की आठवडाभर त्यावर अभिप्राय मागवतात. पण 'छान आहे' किंवा 'पटलं नाही' असं लिहिता येत नाही. लिहायचं ते एवढंच, की हा नियम लागू झाला तर मी तो कसा मोडीन. याला ते पळवाट टाकणं म्हणतात. पळवाट जितकी बेरकी तितकं कौतुक जास्त. टाकलेली प्रत्येक पळवाट मतदानाआधी बुजवावीच लागते, आणि जे कलम ती बुजवतं त्याला शोधणाऱ्याचं नाव मिळतं. नियमावलीत सगळ्यांत जास्त कलमं आईच्या नावावर होती.

"आज काय केलंस?" मी पुण्याहून फोनवर विचारायची.

"चोरी," ती म्हणायची. "कालव्यावर पहारा करणाऱ्या पाटकऱ्याची पाळी बदलते ना, तेवढ्या वेळात दरवाजा उचलून चारीभर पाणी पळवलं. कागदावर गं, कागदावर!" आणि हसायची.

त्या दिवशी मी टॅबवरून 'खोरे'च्या चावडीत शिरले. चावडी म्हणजे त्यांची बोलण्याची खोली. आई गेल्याचं मी सांगितलं. मग एक घोगरा आवाज आला. "मी अशपाक तांबोळी. शहाद्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे माझं. ताई आजारी आहेत एवढंच कळलं होतं, बेटा." पुढे तो म्हणाला, "मसुदा माझाच आहे. ताई असत्या तर एव्हाना त्याची चाळण केली असती. तू बघशील का?"

मी माझ्या नावानं सभासद झाले आणि मसुदा वाचला. नाव होतं 'आधी टेल'. कालव्याचं पाणी वरच्या गावांना आधी मिळायचं, शेवटच्या गावांपर्यंत पोचेतो संपायचं. अशपाकभाईंचं गाव पिंपळटोक अगदी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला. लागोपाठ तीन हंगाम पीक आलं नाही तर गाव नकाशावरून पुसलं जातं, आणि पिंपळटोकचे दोन कोरडे गेले होते. मसुद्यात एकच मागणी होती, की पाणी आधी टेलला द्यावं आणि मग एकेक गाव करत वर यावं.

मसुद्याखाली एक बटण होतं: 'तालीम बघा'. मी ते दाबलं.

तालीम ही 'खोरे'ची खरी करामत. नियम लागू करून पस्तावण्याऐवजी ते तो आधी खोट्या खोऱ्यात चालवून बघतात. त्यासाठी संगणकानं प्रत्येक खेळाडूची एक बदली तयार केलेली आहे, क्रिकेटमधल्या बदली खेळाडूसारखी. माणूस रोज कसा खेळतो आणि मसुद्यांवर काय लिहितो, या दोन्हींवरून ती घडते. या सगळ्या बदल्या नव्या नियमाखाली काही हंगाम खेळतात. अर्ध्या तासात दोन-तीन वर्षं सरतात. कोण चोरी करेल, कुठे भांडण लागेल, कुठलं गाव सुकेल, ते आधीच दिसतं.

पडद्यावर कालवा उलगडला. मधल्या टप्प्यावर आईचं गाव होतं, आंबेदड. कालव्यातून गावाकडे वळणाऱ्या चारीच्या दरवाजापाशी छत्रीवाली एक छोटी बाई उभी होती. पाणी आंबेदडवरून खाली जात होतं, तिची पाळी यायची होती. तिनं दरवाजाचं चाक फिरवून घट्ट बंद केलं, चार पावलं पुढे गेली, परत आली आणि चाक पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

मी टॅब टेबलावर ठेवून उठले. आई गॅसचा नॉब असाच बंद करायची. बंद करून दारापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा दाबायची. मी चिडायचे. "झालाय गं बंद!" "असू दे, हाताला सांगितलेलं बरं."

संगणकाला हे कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं तिचं बोट त्या चाकावर दोनदा पडलं होतं, एवढंच.

तालीम संपली तशी मी पुन्हा लावून पाहिली. पण एका मसुद्याची तालीम एकदाच होते, नंतर तीच ती दिसते. नवी तालीम हवी तर नवा मसुदा हवा.

म्हणून मी मसुदे टाकू लागले. बैलांना आठवड्याची सुट्टी असावी. बाजाराचा दिवस बदलावा. चारीकाठी बाभळी लावू नयेत. फ्लॅट आवरायचा राहिला. ऑफिसला कळवून मी रजा वाढवली. सकाळी मसुदा टाकायचा आणि दुपारी आईला बघायचं. बैलांच्या सुट्टीच्या दिवशी ती खोऱ्यातल्या देवळात जाऊन आली. बाभळी नसताना उन्हात छत्री धरून बसली. सांगण्यासारखं यात काही नव्हतं आणि मला तेच बघायचं होतं.

"बेटा, तुझे मसुदे बघून लोक वैतागलेत," अशपाकभाई एकदा म्हणाले. "त्या बैलांच्या सुट्टीवर सतरा जणांनी पळवाटा टाकल्या. एकानं लिहिलंय, मी बैलाला म्हैस म्हणून नोंदवीन."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

महिनाभरात 'आधी टेल'मधल्या पळवाटा बुजवून झाल्या. दुरुस्त मसुद्याची नव्यानं तालीम व्हायची होती. ती बघायला चावडी भरली होती. पहिला हंगाम नीट गेला. दुसऱ्यात पाणी टेलकडे निघालं, आंबेदडपाशी आलं, आणि पाटकऱ्याची पाळी बदलण्याच्या तेवढ्या वेळात छत्रीवाल्या बाईनं दरवाजा उचलला. चारी भरली. खाली पिंपळटोक कोरडं राहिलं.

ती युक्ती मला पाठ होती. फोनवर हसत सांगितलेली.

तिसऱ्या हंगामात तिनं कालव्याच्या भरावाला उंदराचं बीळ वाटेल असं भोक पाडलं. तेही मला माहीत होतं. दिवाळीत घरी आले होते, तेव्हा पुरण वाटताना तिनं ते सांगितलं होतं. तिचं पाहून शेजारच्या दोन गावांच्या बदल्यांनीही दरवाजे उचलले. तालीम नापास झाली, मसुदा परत गेला.

बाई दरवाजा बंद करून निघाली तेव्हा मी चाकाकडे बघत होते. ती परत आली नाही.

पुढच्या आठवड्यांत ती बिघडतच गेली. माझ्या क्षुल्लक मसुद्यांच्या तालमींतही चोऱ्या करू लागली. अशपाकभाईंनी शब्द बदलून 'आधी टेल' पुन्हा मांडला, तो पुन्हा आंबेदडपाशी फुटला. चावडीत एका नव्या सभासदानं लिहिलं, "या वृषालीताई म्हणजे एवढ्या कोण लागून गेल्या होत्या? गावाचं पाणी चोरणारी बाई." जुन्यांपैकी कोणीतरी ते लगेच पुसलं. पण मी वाचलं होतं.

मी प्रज्ञा लिमयेला फोन लावला. ती नाशिकला संख्याशास्त्र शिकवते, तालमीचं यंत्र तिनंच बांधलेलं.

"तुझ्या यंत्रात काहीतरी खराबी आहे," मी म्हणाले. "माझी आई अशी नव्हती."

"मला माहितीये अशी नव्हती. माझ्या गावाला तिनं दोन हंगाम स्वतःचं पाणी दिलंय." मग ती समजावून सांगू लागली. "असं समज, बदली दोन घागरींतून पाणी पिते. एक घागर खेळाची, एक शब्दांची. खेळाच्या घागरीला मी मुद्दाम बारीक भोक ठेवलंय. माणसं बदलतात ना. पाच वर्षांपूर्वी तू कशी खेळायचीस त्यावरून आजचं कसं ठरवायचं? म्हणून जुनं झिरपून जातं. जिवंत माणूस रोज खेळतो, घागर रोज भरते. शब्दांच्या घागरीला भोक नाही, लिहिलेलं आपण सगळंच जपून ठेवतो."

"आणि आई आता खेळत नाही."

"नाही. तिचा खेळ झिरपून गेला, शब्द तेवढे उरले. आणि तिचे शब्द म्हणजे..."

"पळवाटा."

"सगळ्याच्या सगळ्या. 'मी पाणी सोडीन' असं तिनं एकदाही लिहिलेलं नाही. कशाला लिहील? ती सोडायचीच." मग ती म्हणाली, "आपल्या या रिवाजाचा आम्हाला केवढा अभिमान! आणि तो रिवाज आहे हे यंत्राला सांगायचंच राहून गेलं. त्याला वाटतं, माणूस जे लिहितो ते तो करणार असतो. त्याच्या लेखी आम्ही सगळे चोरच आहोत गं. रोज खेळतो म्हणून वाचतो."

"जुना खेळ कुठेतरी साठवलेला असेल ना?"

"नाही. आमचा सर्व्हर केवढासा! खेळाचा नुसता ठसा राहतो. तोच विरतोय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. मग जे सुचायचं तेच सुचलं. आईच्या टॅबवर तिचं खातं अजून उघडं होतं. घागर रोज भरली तर?

तीन दिवस मी आईच्या नावानं आंबेदड खेळले. दरवाजा बंद करायची, चार पावलं, परत, पुन्हा दाबायची. अगदी तिच्यासारखं. मग बाजाराच्या वेळेविषयी एक मसुदा टाकला आणि तालीम लावली.

छत्रीवाली बाई चोरी करत नव्हती. पण उभीही राहत नव्हती. दरवाजापासून देवळापर्यंत जायची, अर्ध्यातून वळायची, घरात शिरायची, लगेच बाहेर यायची. चाकाला हात लावून सोडून द्यायची. छत्री कुठेतरी टाकून दिली होती. पूर्ण हंगामभर ती एका जागी बसली नाही.

ती मी होते.

मी टॅब बंद केला आणि त्या दिवशी पहिल्यांदा आईचं कपाट उघडलं.

दोन दिवसांनी अशपाकभाईंचा फोन आला. मागे मोटरीची घरघर होती. "एक नवा मसुदा टाकतोय, बेटा. तुला आधी सांगावं म्हटलं. 'मयत सभासदाची बदली तालमीतून काढून घ्यावी.' एवढंच."

मी टेबलावरचा टॅब उलटा ठेवला.

"पण पुढे एक ओळ घातलीय. 'मात्र घरच्यांनी रीतसर कळवल्याखेरीज काढू नये.' ती तुझ्यासाठी. तुला वाटेल तेव्हा कळव. नाही कळवलंस तरी कोणी विचारणार नाही. मी आहे."

"आणि 'आधी टेल'?"

"बघू."

"तुमचा तिसरा हंगाम आहे ना हा?"

"हो ना." त्यांनी कुणाला तरी मोटर बंद करायला सांगितलं. घरघर थांबली. "माझी धाकटी शाळेत होती ना, तेव्हा तिनं त्या गावात लिंबांची रांग लावलेली. आता ती सासरी, सुरतेला. अजून फोनवर विचारते, अब्बा, झाडं जगली का? मी म्हणतो, जगली. खेळातली झाडं, त्यात काय एवढं." ते हसले. "चल, गिऱ्हाईक आलं."

मसुदा आला आणि मी रोज त्याच्याखालच्या पळवाटा वाचू लागले. कुणी लिहिलं होतं, मी जिवंत शत्रूला मयत म्हणून कळवीन. कुणी लिहिलं होतं, मी स्वतःच मेल्याचं कळवीन, तालमीतून सुटेन आणि खऱ्या खेळात हवं ते करीन. अशा बऱ्याच होत्या, एकाहून एक. सगळ्यांत मोठं भगदाड मात्र पहिल्या वाचनातच कुणालाही दिसावं असं होतं. घरच्यांनी कळवलंच नाही तर?

ती पळवाट कुणीच टाकली नाही.

बैलाला म्हैस करणाऱ्या या लोकांना ती दिसली नसेल यावर माझा विश्वास बसेना. सगळ्यांनी पाहिली होती. पाहून तिला वळसा घालून सगळे पुढे गेले होते. माझ्यासाठी ते आपला रिवाज मोडत होते, आणि कुणी एक शब्दही काढत नव्हतं.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी आईच्या टेबलापाशी बसले, उठले, पुन्हा बसले. नियम तसाच राहिला असता तर मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. आई कुठेतरी दरवाजापाशी उभी राहिली असती. चोर म्हणून का होईना, उभी राहिली असती. तिनं चाक पुन्हा दाबून पाहिलं नसतं, पण छत्री तीच असती. माणसाला किती थोडं पुरतं, हे मला त्या दिवसांत कळलं होतं.

आणि पिंपळटोकची लिंबं वाळली असती.

मी माझ्या नावानं लिहिलं:

"हा नियम लागू झाला तर मी तो असा मोडीन. मी कधीही कळवणार नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर मयत माणसाचं खातं उघडं ठेवीन आणि रोज त्याच्या नावानं खेळीन, म्हणजे यंत्राला तो जिवंत वाटेल. हे करता येतं. मी करून पाहिलं आहे. यंत्र फसतं, पण जो उभा राहतो तो मयत माणूस नसतो. केतकी सोनवणे."

वाचून पाहिलं. 'पाठवा' दाबलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. शाळा सुटली होती. रिक्षांची गर्दी होती.

संध्याकाळी चावडीत कुणी कौतुक केलं नाही, कुणी सांत्वनही केलं नाही. प्रज्ञानं नव्या कलमाचा मसुदा वाचून दाखवला. घरच्यांनी कळवलं नाही तर कालव्यावरच्या लगतच्या दोन गावांनी कळवावं, आणि मयताचं खातं बंद व्हावं. मग ती म्हणाली, "कलमाला नाव लागेल. तुझं की ताईंचं? अकरा आहेत तिच्या नावावर. तुला हवं तर बारावं..."

"माझंच," मी म्हणाले. "ही पळवाट तिची नव्हती."

"वृषालीताईंची पोरगी शोभतेस," कुणीतरी म्हणालं.

"काय सांगता," अशपाकभाई म्हणाले, "आईनं इतक्या वर्षांत आमची एवढी मोठी चोरी पकडली नव्हती."

नियम मंजूर झाला. त्याच दिवशी मी रीतसर कळवलं. शेजारच्या गावांना कळवायची वेळ आणली नाही. छत्रीवाली बाई तालमीतून गेली. जाताना काही झालं नाही. पुढची तालीम लागली तेव्हा आंबेदडचा दरवाजा होता आणि त्याच्यापाशी कुणी नव्हतं. 'आधी टेल' त्या तालमीत पास झाला, मग मतदानात, आणि हंगाम सरायच्या आत लागू झाला.

आंबेदड कुणाला द्यायचं हा प्रश्न होता. मी मागून घेतलं.

पहिल्या पाळीला पाणी सुटलं तेव्हा दुपार होती. फ्लॅट आवरून झाला होता. टेबल, टॅब आणि मी एवढंच उरलं होतं. आंबेदडची पिकं माना टाकून उभी होती. पाणी वरून आलं, दरवाजासमोरून जाऊ लागलं. भरपूर होतं. पाटकऱ्याची पाळी बदलण्याची वेळ झाली, तो निघून गेला, दुसरा अजून यायचा होता. सवडीनं दरवाजा उचलता आला असता. पळवाटा कितीही बुजवा, तेवढी फट राहतेच.

चावडीतून अशपाकभाईंचा आवाज आला, "केतकी, येतंय का गं?"

"येतंय," मी म्हणाले. "आंबेदडवरून निघालंय."

चाक बंदच होतं. मी उठले, खिडकीपर्यंत गेले. परत आले आणि ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं.